गावकुसाच्या आतली जागा

समाजाच्या मनात दुबळ्यांविषयी कणव नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. आपल्याकडे वाढदिवसाला वृद्धाश्रमात जेवण दिले जाते, वर्षश्राद्धाला गतिमंद मुलांच्या वसतिगृहात फळे वाटली जातात आणि अशा संस्थांच्या देणगीपुस्तकात सामान्य मिळकतीच्या माणसांची नावेही पुष्कळ आढळतात. परंतु तोच वृद्धाश्रम किंवा तेच वसतिगृह आपल्या गल्लीत, आपल्या भिंतीला भिंत लावून येणार असे कळले, की कणवेची भाषा पालटते. सह्या गोळा होतात, नगरपरिषदेकडे निवेदने जातात, आणि “संस्था चांगली आहे, परंतु ही जागा तिला योग्य नाही” हे वाक्य जवळजवळ सर्वत्र त्याच शब्दांत ऐकू येते. योग्य जागा कोणती, असे विचारले तर बोट नेहमी गावाबाहेर दाखवले जाते.

ही जागा चर्चच्या मालकीची असली म्हणजे वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. अचलपूर-परतवाडा, अमरावती, अकोला, खामगाव या भागात मिशनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठाली आवारे घेतली. प्रार्थनामंदिर, पाळकाचा बंगला, शाळा, विहीर, चिंचा-कडुनिंबाची झाडे असे त्यांचे स्वरूप असे. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत परदेशी मिशनरी परत गेले. मालमत्ता देशी मंडळींच्या व विश्वस्त संस्थांच्या हाती आल्या. पण त्या चालवण्याचे द्रव्यबळ त्यांच्याबरोबर आलेच असे नाही. गाव वाढत वाढत या आवारांच्या कुंपणापर्यंत आले, जमिनीला मोल आले, आणि आतल्या इमारती मात्र जुन्या होत राहिल्या. अशा आवारात निराधार वृद्धांसाठी, अपंगांसाठी किंवा दीर्घ आजाऱ्यांसाठी निवासी सेवागृह काढावे, ही कल्पना मग स्वाभाविकपणेच पुढे येते. चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी उद्या असा प्रस्ताव आला तर त्याचे काय करायचे, याचा विचार भांडण सुरू होण्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

या प्रश्नाला दोन तोंडे आहेत. एक कुंपणाच्या आतले, दुसरे बाहेरचे. आतला आक्षेप मंडळीचा असतो. पूर्वजांनी उपासनेसाठी राखलेली जागा दुसऱ्या कामाला का लावावी, आणि आज सेवेच्या नावाने गेलेली जमीन उद्या एखाद्या इमारतवाल्याच्या घशात जाणार नाही याची हमी कोणी द्यावी, असे हे दोन प्रश्न आहेत. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर वऱ्हाडाच्या इतिहासातच आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा मुलूख होरपळला, तेव्हा अलायन्स मिशनने अकोल्यास मुलांचे आणि खामगावास मुलींचे अनाथालय चालवले. पंडिता रमाबाईंनी याच काळात मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली उचलून केडगावास नेल्या आणि त्यातून मुक्ती मिशन वाढले. परतवाड्यानजीक कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले तेही त्याच सुमारास. म्हणजे प्रार्थनामंदिर आणि निराधारांचे निवासस्थान ही दोन्ही या आवारांत आरंभापासून शेजारी शेजारी नांदली. मिशनच्या आवारात सेवागृह येणे म्हणजे जागेने नवा धंदा पत्करणे नव्हे. मधल्या काळात थांबलेले काम पुन्हा हाती घेणे होय.

दुसरी भीती मात्र खरी आहे आणि तिला भावनेने उत्तर देता येणार नाही. त्यासाठी कायद्याकडेच वळले पाहिजे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याचे कलम ३६ या बाबतीत स्पष्ट आहे. विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे वा बक्षीस देणे याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टाही बिगरशेती जमीन वा इमारतीच्या बाबतीत तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमिनीच्या बाबतीत दहा वर्षांहून अधिक मुदतीचा असेल, तर हीच अट आहे. चर्चची मालमत्ता या देखरेखीबाहेर आहे, असा समज काही ठिकाणी आढळतो. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेवरून उत्तर भारतीय चर्चशी झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेल्या निकालाने तो दूर व्हायला हवा. अशा विश्वस्त मालमत्तेचे प्रश्न त्या कायद्याखालील अधिकाऱ्यांपुढेच न्यावे लागतील, असे न्यायालयाने त्यात सांगितले.

तेव्हा विश्वस्तांनी जमिनीची मालकी आपल्याकडेच ठेवावी, संस्थेला मुदतीचा पट्टा द्यावा, सेवागृह बंद पडल्यास जागा मंडळीकडे परत येईल अशी अट त्यात लिहावी आणि सारा मसुदा मंडळीच्या सभेत उघडपणे वाचून दाखवावा. जेथे चार माणसांत बसून कागद होतो आणि उरलेल्यांना तो वर्तमानपत्रातल्या नोटिशीवरून कळतो, तेथे उत्तम हेतूचेही मातेरे होते.

आता कुंपणाबाहेरचा आक्षेप. तो समजून घेण्यासाठी एक अलीकडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून कर्करोगी येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि राहण्याची सोय नसल्याने अनेकांना पदपथावर दिवस काढावे लागतात. २०२१ मध्ये म्हाडाची १०० घरे या रुग्णांच्या नातलगांसाठी रुग्णालयाच्या स्वाधीन करण्याचे ठरले. ही घरे लालबाग-करी रोड भागातील राहत्या इमारतींत होती. रहिवाशांनी विरोध केला, स्थानिक आमदारांनी तो सरकारपुढे मांडला आणि त्या जून महिन्यात मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. त्यानंतर बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारातील १०० घरे रुग्णालयाला देण्याचे ठरले.

या घटनेत दोन्ही बाजूंना काही ना काही मिळाले, म्हणून ती लवकरच विस्मरणात गेली. परंतु तिचा अर्थ लहान नाही. विरोध करणारे लोक गिरणगावातले होते. संकटात शेजाऱ्याच्या मदतीला धावून जाणे हा ज्या चाळींचा लौकिक, त्यांतच हा विरोध उमटला. कर्करोग संसर्गाने होत नाही हे त्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. आपल्या जिन्यावर रोज नवा, अनोळखी, दुःखाने वाकलेला माणूस भेटेल, ही कल्पनाच त्यांना सोसली नाही. शेजाऱ्यांचा विरोध बहुधा दुष्टपणातून येत नाही. दुःख डोळ्यांसमोर नको, या अगदी मानवी इच्छेतून तो येतो. म्हणूनच त्यांना दूषणे देऊन काही साधत नाही. परंतु इच्छा मानवी असली तरी तिला हक्काचे रूप देता येत नाही, हेही तितकेच ठामपणे सांगावे लागते.

ती हक्क म्हणून वापरली गेली तर काय होते, ते लातूर जिल्ह्यातील हासेगावाने २००९ मध्ये पाहिले. तेथील सेवालयात राहणारी एचआयव्हीबाधित मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले. एका बाकावर बसल्याने हा विषाणू पसरत नाही, हे वैद्यकशास्त्राने कधीच सिद्ध केले होते. पण ते ज्ञान गावाच्या वेशीपाशी अडले. ज्या मुलांचे आईबाप त्याच आजाराने गेले होते, त्यांना आपण शाळेतही नकोसे आहोत हा धडा वर्णमालेबरोबर शिकावा लागला.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात क्लिबर्न नावाचे गाव आहे. तेथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या तेरा जणांसाठी एका घरात निवास काढण्याचे ठरले, तेव्हा नगरपालिकेने परवाना नाकारला. समोर शाळा आहे, आसपास वृद्ध राहतात, पूर आला तर कसे, अशी कारणे तिने दिली. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८५ मध्ये न्यायालयाने ही सारी कारणे तपासली. वसतिगृह किंवा इस्पितळ त्याच जागी निघाले असते तर असा खास परवाना कोणी मागितला नसता, हे दाखवून दिले, आणि शेजाऱ्यांची नापसंती वा निराधार भीती हा परवाना नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही असा निर्वाळा दिला. आपल्याकडचा कायदा तर याहून पुढे गेलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि मनोरुग्णाला समाजापासून वेगळे काढता येणार नाही असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने म्हटले आहे. तेव्हा “आमच्या गल्लीत नको” हे वाक्य कितीही सह्यांनिशी लिहिले तरी कायद्यापुढे त्याचे वजन फारसे नाही.

मग शेजाऱ्यांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. शेजाऱ्याला “नको” म्हणण्याचा अधिकार नसेल, पण “कसे” विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो त्याने वापरला नाही तर काय होते याचा दाखला भयंकर आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या श्रद्धेचा आसरा घेऊन मनोरुग्णांची अनेक खाजगी निवासस्थाने उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही, आणि २८ जण प्राणास मुकले. त्या साखळ्या आगीच्या दिवशी आलेल्या नव्हत्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या रोज दिसत होत्या. पवित्र जागेच्या आसपास जे चालते ते चांगलेच असणार, या समजुतीने कोणी विचारले नाही.

म्हणून सेवागृहाच्या प्रस्तावावर नागरिकांची सभा भरली, तर तिने वेगळ्या प्रश्नांची यादी हाती घ्यावी. दिव्यांगांसाठी असलेल्या संस्थेची २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणी झाली आहे काय? रात्रपाळीला किती माणसे असतील, आणि स्त्रियांच्या विभागात स्त्री कर्मचारी असतील काय? जुन्या बंगल्याला दुसरी वाट आहे काय, आग लागल्यास अंथरुणाला खिळलेला म्हातारा कोण उचलणार? रुग्णवाहिका गल्लीत वळेल काय? सांडपाणी कोठे जाणार? ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर किती दिवसांनी फेरी मारणार? मृत्यूंची नोंद कोण तपासणार? हिशेब कोठे लावले जाणार? यांतल्या प्रत्येक प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मागण्याचा गावाला अधिकार आहे. उत्तर न मिळाल्यास संस्थेला थांबवण्याचाही आहे. मात्र हे प्रश्न परवानगी मिळण्यापूर्वी एकदा विचारून भागत नाही. दर महिन्याला विचारावे लागतात. त्यासाठी शेजारच्या चार-पाच घरांतील स्त्रीपुरुष, एखादा शिक्षक, वैद्यकीय अधिकारी आणि मंडळीचा प्रतिनिधी यांची एक देखरेख समिती पहिल्या दिवसापासूनच असावी.

चर्चच्या जागेच्या संदर्भात आणखी एक शंका असते. ती उघड बोलली जात नाही, म्हणून येथे बोलणे बरे. सेवेच्या आडून धर्मांतर तर होणार नाही ना, ही ती शंका. तिला संतापाने उत्तर देऊ नये. जो माणूस अन्न, औषध आणि छपरासाठी पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्या श्रद्धेला हात लावणे हे कोणत्याही धर्माच्या संस्थेने टाळलेच पाहिजे. संस्थेनेच आपल्या नियमांत लिहावे की येथे प्रवेशाला धर्म विचारला जाणार नाही, कोणाला प्रार्थनेची सक्ती होणार नाही, हरिपाठ म्हणणाऱ्या म्हातारीला तो म्हणू दिला जाईल, नमाज पढणाऱ्यासाठी कोपरा असेल, आणि अंत्यसंस्कार ज्याच्या त्याच्या रीतीने होतील. एवढे लिहून, पाळून आणि देखरेख समितीला दाखवून दिल्यावरही जर कोणी निव्वळ क्रूस दिसतो म्हणून विरोध करील, तर त्याचा आक्षेप सेवागृहाला नसून शेजाऱ्याच्या धर्माला आहे, हे समजून चालावे.

चांदूर बाजार तालुक्याने तर अशा विरोधाला थारा देण्याचे कारणच नाही. याच तालुक्यातील माधान हे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे गाव. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, आणि १८८१ ते १९१५ एवढ्या अल्प आयुष्यात त्यांच्या नावावर शंभरावर ग्रंथ जमा झाले. त्यांना वाचून दाखवणारे आणि त्यांचे बोलणे उतरवून घेणारे लोक भोवती होते, म्हणून ही ग्रंथसंपदा झाली. आंधळे पोर म्हणून त्यांना कोठे दूर नेऊन ठेवले असते, तर वऱ्हाडाचे केवढे नुकसान झाले असते! याच तालुक्यात नागरवाडीला गाडगेबाबांच्या कार्याचे केंद्र आहे. बाबांनी आयुष्यभर जमवलेला पैसा धर्मशाळा, अन्नछत्रे आणि शाळा यांत घातला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडत असेल, तर तीत धर्माची हानी नसून वाढ आहे, हे त्या निरक्षर साधूला कोणी समजावून सांगावे लागले नाही. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांना आजही आसरा देते, आणि तिच्या शेजारची वस्ती त्यामुळे काही ओस पडलेली नाही.

गरजेविषयी अधिक सांगण्याचे प्रयोजन नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढील लोकांची संख्या १ कोटी ११ लाख, म्हणजे दर दहा माणसांत एक, अशी होती. ती त्यानंतर वाढलीच आहे. प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा किमान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी तरतूद २००७ च्या कायद्यात आहे. संत्र्याच्या बागा म्हाताऱ्यांच्या हवाली करून तरुण पिढी पुण्या-मुंबईकडे निघाली आहे. शेवटी बाग विकली जाते आणि म्हातारा उरतो. शेजारच्या अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अंध, मूकबधिर, गतिमंद मुलांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्याच वर्षी तेथे वाढलेली एक अंध मुलगी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सरकारी नोकरीस पात्र ठरली. परंतु बाबांचा जुना प्रश्न या सन्मानाने सुटलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने बालगृह हे अठरा वर्षांपर्यंतचे घर आहे. एकोणिसाव्या वर्षी गतिमंद अनाथाने जायचे कोठे? त्याला आजन्म आसरा देणारी घरे हवी आहेत, ती गावोगाव हवी आहेत, आणि नवी जमीन घेऊन ती बांधायला कोणाजवळ पैसा नाही. कुंपण घातलेली, विहीर असलेली, सावलीची जागा जेथे आधीच आहे, तेथेच ती निघू शकतात.

बेल्जियममध्ये खील नावाचे एक गाव आहे. तेथील संत डिम्फ्नाच्या चर्चमध्ये मध्ययुगापासून मनोरुग्णांना आणले जाई. त्यांच्यासाठी चर्चला लागून एक निवास बांधला गेला, आणि तो अपुरा पडू लागला तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी नेऊन ठेवायला सुरुवात केली. ही रीत शतकानुशतके चालली. १९३०-४० च्या दशकाअखेर तीन हजारांहून अधिक रुग्ण तेथे कुटुंबांतून राहत होते, शेतात हात लावत होते, लेकरे सांभाळत होते. ती प्रथा क्षीण झाली असली तरी आजही संपलेली नाही. त्या गावचे लोक काही जन्मतः आपल्याहून दयाळू नव्हते. रोज दिसणाऱ्या माणसाची भीती हळूहळू जाते आणि तो ओळखीचा होतो, एवढेच तेथे घडले.

आपल्या गावांना एक कूस असे. समाजाला जे नकोसे वाटले, त्या जाती, ते रोगी, ती वेडी माणसे त्या कुसाबाहेर राहिली. घटनेने ते कूस कागदावर पाडले. प्रत्यक्षात ते पडले की नाही, याची परीक्षा भाषणांतून होत नाही. गावाच्या मध्यावर असलेल्या एखाद्या जुन्या आवाराचे फाटक कोणासाठी उघडते यावरून होते. चर्चच्या विश्वस्तांनी आपला कागद स्वच्छ ठेवावा, संस्थेने आपले दार तपासणीला उघडे ठेवावे, आणि शेजाऱ्यांनी निवेदनावर सही करण्याऐवजी देखरेख समितीच्या नोंदवहीवर दर महिन्याला सही करावी. या तिघांनी एवढे केले, तर चांदूर बाजारलाच नव्हे, वऱ्हाडातल्या प्रत्येक गावाला आपल्या म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी कुसाच्या आत जागा सापडेल.